झडपेवरची माळ

आमच्या मालकांना सगळं औरंगाबाद रामकिसन मिस्त्री म्हणायचं. मी नाय म्हणत. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाय. पोलीस ॲक्शनच्या पुढच्या साली माझं लगीन झालं, तेव्हापासून या माणसाच्या तोंडी दोनच गोष्टी, धुराडं आन् झडप. जळ्ळं मेलं ते धुराडं!

वेरूळच्या रस्त्याला एक मोठं गेस्टहाऊस होतं. पाहुण्यांच्या आंघोळीसाठी कोळशाचा थोरला बंब, त्याचं धुराडं छपरातून वर गेलेलं. वारं सुटलं की धुराडं लई ओढायचं, कोळसा भसाभसा जळायचा. म्हणून यांनी धुराड्याच्या नळीला गोल झडप बसवली, तिला छोटं वजन. ओढ वाढली की झडप आपोआप उघडून खोलीतली हवा धुराड्यात घेणार, म्हणजे भट्टीवरची ओढ उतरणार; ओढ कमी झाली की मिटणार. बसवताना पाणसळ लावून ती अगदी समतल केली. तासभर धुराडं तापू दिलं, मग वजन केसभर इकडं, केसभर तिकडं. दर खेपेला भट्टीच्या तोंडाशी उदबत्ती धरायची. धूर आत गेला तर बरं, बाहेर आला तर पुन्हा पहिल्यापासून. मी डबा घेऊन बसलेली. भाकर गार झाली तरी यांना पत्ता नाय.

"झडपेला कुणी बोट लावलं तर हात मोडीन," असा सगळ्यांना दम. बन्सीलासुद्धा. बन्सी माझा धाकटा भाऊ, दोन लेकरांचा बाप. यांनीच त्याला माझ्या माहेराहून, पिशोरहून आणून बंबावर कामाला लावलं होतं. तो हसायचा, "अक्का, ही झडप तुझी सवत हाय बघ."

दसऱ्याला हत्यारांची पूजा. "औंदा झडपेला चांगली जाड माळ कर," हे म्हणाले. मी ओल्या झेंडूची मनगटाएवढी माळ गुंफली, लई हौसेनं. यांनी आपल्या हातानं ती झडपेला बांधली, कुंकू लावलं, हात जोडले. पाहुणे होते म्हणून बंब चालूच. दुसऱ्या कुणी तिथं दोरा जरी बांधला असता तरी यांनी त्याची गचांडी धरली असती. पण देवाच्या नावानं बांधलेल्या माळेलाही वजन असतं, हे आम्हा दोघांच्या डोक्यात आलं नाय.

माळेच्या भारानं झडप उघडीच राहिली. भट्टीची ओढ गेली आन् कोळशाचा वायू खोलीत साठला. ना वास, ना धूर. बन्सी पुरणपोळी खाऊन तिथंच आडवा झालेला. पावसाची सर आली म्हणून दार लावलेलं. चार वाजता हे त्याला सोनं द्यायला गेले. त्याला हलवून हलवून पाहिलं, आन् आपट्याची पानं हातात घेऊन तसेच दारात बसले.

चौकशीच्या साहेबानं लिहिलं, कामगारानं दार बंद केलं, चूक त्याची. यांनी ते तसंच चालू दिलं. घरी मी लई भांडले. "मेल्यावरही माझ्या भावाच्याच माथी मारता व्हय?"

तेराव्याला पिशोरला भावकी जमलेली. हे उठले, माझ्या आईच्या, आवडाबाईच्या पायावर डोकं ठेवलं. "बन्सीची चूक नव्हती. झडपेला माळ मी बांधली. तिच्या वजनानं घात झाला."

आईनं इचारलं, "आन् एवढी जड माळ केली कुणी?"

मी पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"मीच," हे म्हणाले.

मी तोंड उघडलं नाय. आईनं त्यांना घराबाहेर काढलं. ते पुन्हा त्या दारात गेले नाय. सहा वर्षांनी आई गेली. माझ्या मांडीवर डोकं ठेवून, "तूच एक माझी गं," म्हणत गेली.