लॉग रोटेशन आणि आमच्या गावचा दादा

आज वडप्याच्या गोडाऊनमध्ये आमचं गेटपासचं ॲप बंद पडलं. गाड्या पार हायवेपर्यंत उभ्या. सर्व्हरची डिस्क लॉग फायलींनी, म्हणजे ॲपच्या रोजच्या नोंदींनी, गच्च भरली होती.

जुन्या फायली आपोआप निघतील असं रोटेशन लावते, हे मी नीलेशदादाला मागेच म्हटलं होतं. दादा माझा सीनियर, आमच्याच कोन गावचा. तेव्हा म्हणाला, "राहू दे गो, डिस्क मोठी हाय."

आज शेठसमोर तोच म्हणाला, "मैंने इसको कब का बोला था, रोटेशन लगा."

मी जुन्या फायली काढल्या, रोटेशन लावलं, ॲप चालू केलं.

नंतर चहा पुढे करत दादा म्हणतो, "मनावर घेऊ नको, आपण एकाच गावचे."

मग शेठसमोर गाव कुठं गेलं होतं? तुम्ही प्यायला असता तो चहा?