नर्सबाईची ओटी

बहात्तरच्या दुष्काळात कडेगावच्या बाजूला आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात एकच नर्सबाई उरली होती. डॉक्टर बाजारच्या दिवशी यायचा, त्यालाही दुष्काळी कामांवर सुया टोचायला नेला. माणसं तलावाच्या कामावर खडी फोडायची, गढूळ पाणी प्यायची आणि हगवणीनं आडवी व्हायची. तिकडंही माणूस लागत होतं, हे मला कळत होतं. पण माझ्या धाकट्या जावेचे दिवस भरले होते. तिची आधीची दोन्ही मुलं अडून गेलेली, दुसरं तर बैलगाडीत. नर्सबाईनं सांगून ठेवलं होतं, कळा लागल्या की घरात ठेवू नका, सरळ इकडं आणा.

कळा लागल्या त्या सकाळी मी जावेला दवाखान्यात आणून खाटेवर निजवली. ऊन वर आलं आणि दारात जीप उभी राहिली. आत तालुक्याचा साहेब.

"बाई, सामान घ्या. आजपासून तुमची ड्युटी तलावाच्या कामावरच्या कॅम्पवर. दवाखान्याला कुलूप लावा."

"साहेब, आत बाळंतीण आहे. अडेल असं वाटतंय."

"तिथं पटकीची साथ आहे. रस्त्याच्या कडेला माणसं पडलीत. एका बाईसाठी थांबू म्हणता?"

नर्सबाई वाईकडची, मऊ स्वभावाची. नोकरी जायची भीती. तिनं पेटी भरायला घेतली. मी पायरीवर उभी राहिले.

"आवं सायेब, न्या की. पर सवाशीण गावातनं चाललीया, वटी न भरता कशी जाईल?"

साहेब घरंदाज होता. त्याच्याही घरात आई असणारच. म्हणाला, "भरा, भरा. पण लवकर."

त्याला वाटलं, एका बाईचं काम. मी आळीतल्या पोरीला पिटाळली. कामावरच्या बायका घमेली टाकून आल्या. अंगभर धूळ, डोक्याला फडकी. नर्सबाईला पाटावर बसवली. मी विधवा, म्हणून ओटीला हात लावला नाही. दारात बसून एकेकीला आत सोडत राहिले.

तांदूळ कुणाकडं होता? रेशनचा लाल मिलो आणला, ती परदेशातनं आलेली ज्वारी. खण नाही, नारळ नाही. एकीनं सुपारी ठेवली, तीच दुसरीनं उचलून परत भरली.

"नारळ न्हाई गं बया."

"मग खडी भर. ती लय हाय."

हसण्याचा आवाज बाहेर गेला. साहेबानं जीपचा हॉर्न दाबला. "किती वेळ?"

"झालंच की सायेब. सवाशिणी लय हायत गावात."

बांगड्या विकणारी मणेरीण आली. ती मुसलमान, ओटी भरणं तिच्या घरात नव्हतं. तिनं नर्सबाईचा हात मांडीवर घेतला आणि हिरव्या बांगड्या चढवायला बसली. इतक्या सावकाश मी तिला लग्नातही बांगड्या भरताना पाहिलं नव्हतं. मधेच जाऊ ओरडली की नर्सबाई उठून आत जायची, तपासून यायची, पुन्हा पाटावर बसायची. शेवटी जाऊ अशी ओरडली की नर्सबाई परत आलीच नाही. दार आतून लावलं.

साहेब पायरी चढून आला. "हा काय तमाशा आहे? मला वर जाब द्यावा लागतो."

"द्या की. म्हणावं, बाया वाटंत बसल्या."

आणि आम्ही बसलोच. तो बायकांना ओलांडून जाणार कसा? झाडाखाली जाऊन विड्या ओढत राहिला. दिवेलागणीच्या आत मूल रडलं. पायाळू मुलगी. जाऊही वाचली.

नर्सबाई हात धुऊन बाहेर आली आणि पेटी घेऊन निघाली. तिला जाणं भागच होतं. पुढं आमच्या शेजारच्या गावात एक बाई अडून मेली, तेव्हा ही कॅम्पवर सलाईन लावत होती. तिचा दोष नाही. एकच बाई घागरीसारखी या घरून त्या घरी फिरवली, तर कुठंतरी तहान राहणारच. साहेबाला मी हे त्या संध्याकाळीच तोंडावर सांगितलं होतं. दुसरी बाई आणा म्हटलं.

जीपपाशी नर्सबाई थांबली आणि माझ्यासमोर पदर पसरला.

"तुमची राहिली."

"मी रांडमुंड. मला चालत न्हाई."

"मला चालतं."

साहेब घड्याळ बघत होता. मी सुपातला मिलो घेतला आणि मुठीमुठीनं, अगदी सावकाश भरला.