दोन पोती मोबाइलांतलं सोनं

मारेगावातलं माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान बंद केलं, तेव्हा मेलेल्या मोबाइलांची दोन पोती घरी आली. बायको वारलेली, मुलगी नागपुरात. घरात बोलायला कोणी नव्हतं. या मोबाइलांत सोनं असतं, असं व्हिडिओत पाहिलं आणि उन्हाळाभर मागच्या अंगणात तेजाबाच्या बरणीशी बसून राहिलो. खोकला लागला, बोटं पिवळी पडली.

मुलीनं फोनवर विचारलं, "बाबा, कायले करून राह्यले हे?" मी चिडून फोन ठेवला.

शेवटी मोहरीएवढा दाणा निघाला. ओळखीच्या सोनारानं तो कसोटीवर घासला आणि सोनं खरं आहे म्हणाला.

"काय बनेल याचं?" मी विचारलं.

"दागिना तं नाही होत, भाऊ. माणूस गेल्यावर तोंडात सोनं ठेवतात ना, तेवढ्याले पुरते."

तो हसला. मला, कधी नव्हे ते, राग आला नाही. दाणा कागदात बांधून घरी आणला आणि देवाजवळच्या डबीत ठेवला. तो कुठं ठेवलाय हे कोणाला तरी सांगून ठेवायला हवं होतं. मी फोन हातात घेतला. पण हे मुलीला सांगायचं तरी कसं?