नानाच्या गोळ्या आणि वर्षभराचा डॉक्टर

“तुमचे क्रिएटिनिन वाढले आहे,” असे रक्तदाबाचे डॉक्टर म्हणाले, तेव्हा खिडकीबाहेरच्या निंबाची सावली माझ्या पावलांवर हलत होती. ती सुजलेली पावले मला दुसऱ्या कुणाचीतरी वाटत होती. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंडांनी तो गाळून बाहेर टाकायचा असतो; माझी मूत्रपिंडे ते काम नीट करीत नव्हती.

“आणखी काही औषध घेता?” त्यांनी विचारले. मी “नाही” म्हणालो, आणि मला ते खरेच वाटत होते.

रक्तदाब, मधुमेह आणि गुडघा, प्रत्येकासाठी धुळ्यात माझे वेगळे डॉक्टर होते. तिघेही चांगले, पण बाहेर खोळंबलेली माणसे पाहिली की मी संकोचून लवकर उठत असे. “अहो, तुम्ही डॉक्टरांपुढे पाहुण्यासारखे बसता,” पत्नी म्हणाली. “जरा विचारले की ‘काही नको, काही नको’!”

तिच्याच आग्रहाने मी एका डॉक्टरांकडे गेलो; ते वर्षाची फी आकारून मोजकेच रुग्ण निवांत पाहत. दुपार होती, पडद्यातून पिवळसर उजेड झिरपत होता. “सकाळी उठल्यापासून सांगा,” ते म्हणाले आणि ऐकत राहिले. झोपेत बोलावे तसा मी बोलत गेलो. बोलता बोलता नानाचा विषय आला. नाना म्हणजे सोनगीरचा माझा थोरला भाऊ. बाजाराला आला की स्वतःच्या गुडघ्याच्या गोळ्यांतले एक पाकीट तो माझ्या खिशात सारतो. भावाने दिलेली गोळी मी औषधांत धरलीच नव्हती.

“त्या पेनकिलर आहेत, वेदनाशामक,” डॉक्टर म्हणाले. “मूत्रपिंडांना त्यांचाच त्रास झालेला दिसतो. आजपासून बंद. किडनीच्या डॉक्टरांना दाखवावेच लागेल. मी त्यांच्याशी बोलेन. माझ्या फीत दवाखान्यात भरती होण्याचा खर्च येत नाही, विमा चालू ठेवा. आणि पुष्कळांना माझी गरज नसते. विचार करून या.”

मी आधी सोनगीरला गेलो. किल्ल्यावर ऊन धुरकट झाले होते. वर्षाच्या फीचे ऐकून नाना हसला. “तो डॉक्टर शे का जवाई? आजारी नही तरी वरीसभर त्याले पोसनं!”

मग मी गोळ्यांचे सांगितले. त्याचे हसू हळूहळू विरले. “मंग मीच तुना घात करा का रे, भाऊ?”

“नाही, नाना. मीच कुठल्या डॉक्टरांना या गोळ्यांचे बोललो नाही.”

त्या गोळ्या तोही घेत होता, म्हणून त्याची तपासणी करवली. अहवाल चांगला आला. त्याला मात्र असा डॉक्टर कशाला हवा? तो आपला गुडघा बसस्टँडपासून गावच्या डॉक्टरांपर्यंत सर्वांना सविस्तर ऐकवतो. गोळ्या त्याने तेवढ्या बंद केल्या.

असा वर्षभराचा डॉक्टर घ्यावा का, हा प्रश्न तुमच्यापुढे आला, तर आजारांइतकाच आपला स्वभावही तपासावा, असे मी नम्रपणे सुचवीन. जो घाईतही सगळे सांगू शकतो, त्याला नेहमीचा डॉक्टर पुरेसा आहे. माझे मात्र कुणीतरी थांबून ऐकावे लागते. मी वर्षाची फी भरून त्या डॉक्टरांचा सभासद झालो.

क्रिएटिनिन पूर्ववत झालेले नाही, पण वाढायचे थांबले आहे. काल डॉक्टरांचा फोन आला. “कसे आहात?” ‘बरा आहे’ हे शब्द सवयीने ओठांवर आले. मी ते गिळले आणि म्हणालो, “सकाळपासून जेवण नकोसे वाटते आहे.”

पलीकडून शांतपणे आवाज आला, “हं. सांगा.”