टाकीला दुसरी नळी

आई गेल्यानंतर काही महिन्यांनी बाबांनी आमच्या जुन्या गाडीची डिझेलची टाकी खाली उतरवली आणि घरात आणून आईच्या दिवाणावर ठेवली. मी अकोल्याहून बडनेऱ्याला पोचले तेव्हा ती तिथे होती, खाली जुनी चादर अंथरलेली. घरभर डिझेलचा वास. बाबा फरशीवर बसून एका पितळी नटाला रबरी वायसर बसतो का ते पाहत होते.

बाबांची सगळी नोकरी रेल्वेच्या तिकीट खिडकीमागे गेली. गाडीचं बॉनेटसुद्धा त्यांनी कधी स्वतः उघडलं नव्हतं. आता त्यांच्या शेजारी ड्रिल मशीन होतं.

"बाबा, हे काय करून राहिले तुमी?"

"दुसरी नळी लावतो टाकीले. एक बुजली तं दुसरीतून डिझेल आलं पाहिजे. गाडी थांबली नाई पाहिजे."

गाडी थांबली होती, उन्हाळ्यात, मूर्तिजापूरच्या पुढे. आईचं हृदयाचं दुखणं जुनं. अकोल्याच्या डॉक्टरांचा तिला गुण यायचा, म्हणून तपासणीला ती तिकडेच येई. त्या दिवशीही तिला तपासून दाखल करून घ्यायचं, एवढंच ठरलं होतं. घरून ती हसत निघाली. पण वाटेत इंजिन खोकललं, दोन गचके दिले आणि बंद पडलं. टाकीत डिझेल होतं. तळाचा गाळ नळीच्या तोंडाशी बसला होता. हे नंतर गॅरेजवाल्याने सांगितलं. तेव्हा बाबा नुसती चावी फिरवत राहिले. भर उन्हात बंद गाडीत आईला घाम सुटला. कांद्याचा टेम्पो थांबला, त्यात तिला घालून ते निघाले. मी दवाखान्याच्या फाटकाशी स्ट्रेचर घेऊन उभी होते. टेम्पोचा फाळका पाडला तेव्हा बाबांच्या मांडीवर तिचं डोकं होतं आणि ते तिला वारा घालत होते. ती गेल्याचं त्यांना कळलंच नव्हतं.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारातून परतलेल्या माणसांशी बाबा नीट बोलले, सगळ्यांना जेवा म्हणाले. मला वाटलं, सावरतील.

आता ते मोबाइलवर व्हिडिओ पाहून टाकी फोडायला बसले होते. वेल्डरकडे नेली होती, पण त्याने हात जोडले. "काका, रिकामी टाकी भरल्या टाकीपेक्षा खराब राह्यते. मी तिले आग लावत नाई." म्हणून त्यांनी ती साबणाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली, अंगणात वाळवली आणि भोकं पाडून नट आवळायचं ठरवलं. मी भांडले. वास जाईना, म्हणजे आत काहीतरी आहेच, ठिणगी पडली तर? बाबा म्हणाले, "पडली तं पडली."

त्यानंतर मी दर सुट्टीला बडनेऱ्याला जाऊ लागले. माझं जठारपेठेतलं घर, कॉलेजची नोकरी, सगळं सोडून मन तिथेच. दर वेळी टाकीला काहीतरी नवीन असे. आधी दुसरी नळी, मग हवेसाठी एक नळी, मग गाळ काढायची तोटी. "आता झालं," म्हणायचे, आणि पुढच्या वेळी आणखी एक तोंड फुटलेलं असायचं.

शेवटच्या दिवसांत आईचा आवाज बारीक झाला होता. हाक मारायला ती दिवाणाच्या फळीवर तळहात आपटायची. डुब्. एके दुपारी मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. आतून आवाज आला. डुब्.

"आली व आई," मी म्हणाले.

पिठाचे हात तसेच घेऊन मी दारापर्यंत गेले. खिडकीतून ऊन दिवाणावर आलं होतं. तापलेल्या टाकीचा पत्रा फुगून वाजला होता, एवढंच. बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुलेही आयकू येते ना?" ते हळूच म्हणाले.

पत्रा पुन्हा वाजला. आम्ही दोघंही तिकडे पाहत राहिलो. टाकी दुसरीकडे ठेवू, असं मात्र दोघांपैकी कोणीच म्हटलं नाही.

हिवाळ्यात टाकी गाडीला बसली. बाबांनी मला फोन केला, "ये, अकोल्याले सोडून देतो." त्यांना काय करायचंय ते मला कळलं होतं, तरी गेले. मागच्या सीटवर आईची उशी तशीच होती. मूर्तिजापूर मागे पडलं. दोन्ही बाजूंना तूर उभी होती. ती जागा जवळ आली तसे बाबा सीटवर पुढे सरकले आणि हँडब्रेकजवळ बसवलेला, पहिली नळी बंद करून दुसरी उघडणारा कॉक त्यांनी मुद्दाम फिरवला. इंजिनने गचका दिला. मग दुसऱ्या नळीतून डिझेल आलं आणि गाडी सुरळीत धावू लागली. बाबांनी वेग कमी केला नाही.

जठारपेठेकडे वळायच्या ऐवजी ते सरळ दवाखान्यावर गेले. फाटकात गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं. आतला वॉर्डबॉय गाडी पाहून सवयीने स्ट्रेचर घेऊन धावत आला. त्याने मागचं दार उघडलं आणि वाकून आत पाहिलं.

"पेशंट कुठे हाय, काका?"

बाबांनी मागे वळून पाहिलं. उशीकडे बराच वेळ पाहिलं.

"रस्त्यात उतरली," ते म्हणाले.

वॉर्डबॉय माझ्याकडे पाहू लागला. मी दार लावून घेतलं आणि चला म्हणाले.

गाडीखाली डिझेल ठिबकत होतं, ते माझ्या घरी पोचल्यावर दिसलं. बाबांनी आवळलेल्या एका नटातून. मला वाटलं आता ते पुन्हा पाना घेऊन आडवे होतील. पण दुसऱ्या दिवशी ते स्वतःच माझ्याबरोबर जवळच्या गॅरेजमध्ये आले. गॅरेजवाला गाडीखाली गेला आणि बाहेर येऊन मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, ह्या गाडीत तुमी इथलोक आलेच कशा?" त्याने नवी टाकी बसवली. जुनीचं काय करू, असं त्याने विचारलं. बाबांनी हातानेच ने म्हणून खूण केली.

त्या मुक्कामात ते माझ्याकडे पुष्कळ झोपले. परत जाताना गाडी माझ्याच दारात ठेवली आणि रेल्वेने निघाले. मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेले. गाडी यायला वेळ होता. बाकावर बसल्या बसल्या त्यांनी एकदम विचारलं, "टायमावर पोचलो असतो तं ते वाचली असती का? तू डॉक्टरले इचारलं होतं?"

"नाही, बाबा."

खरंच विचारलं नव्हतं. डॉक्टरांच्या दारापर्यंत जाऊन मी कितीदा परत फिरले होते.

"नोको इचारू," ते म्हणाले आणि पिशवी मांडीवर घेऊन रुळांकडे पाहत बसले.