बिनडोक्याचा मासा

आमच्या मासळीवाल्या मावशीइतका माणसांचा पारखी आख्ख्या घाटकोपरात शोधून सापडायचा नाही. अडचण एवढीच, की माणसं तिला माणसं म्हणून दिसत नाहीत. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी तिच्या लेखी पापलेट, पहिल्या मजल्यावरचे डॉक्टर सुरमई, आणि मी गेली वीस-बावीस वर्षं मांदेली. एकदा मोठ्या तोऱ्यात मी महागातला हलवा मागितला, तर तिने मला नखशिखान्त न्याहाळलं आणि विचारलं, "कोन पावना येनार हाय?" माहुलच्या कोळीवाड्यातून ती रोज सकाळी येते, बाजाराच्या तोंडाशी पाट मांडून बसते आणि दुपारपर्यंत निम्म्या घाटकोपरच्या संसारात लक्ष घालते. धंदेवाईक म्हणून मात्र तिच्यात एक मोठाच दोष आहे. माल मनासारखा नसेल तर आवडत्या गिऱ्हाइकाला ती तो विकतच नाही. "आज नको नेऊ रं, अंडी ने!" असं भर बाजारात ओरडून सांगते, आणि मग माझ्यामागे उभी असलेली चार माणसंही मुकाट अंड्यांच्या दुकानाकडे वळतात.

मासा घ्यायचा तो डोकं बघून, हा तिचा कायदा. डोळा चमकतोय का, कल्ल्याखाली लाल आहे का, हे पाहिल्याशिवाय पिशवी उघडायची नाही. लग्नानंतर माझ्या बायकोने एकदा मॉलमधून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले तुकडे आणले, तेव्हा मावशी आठ दिवस आमच्याशी बोलली नव्हती. पण आमची मुलगी झाली त्या दिवशी हीच बाई बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी माशाच्या कालवणाचा डबा घेऊन हॉस्पिटलात हजर! वॉचमनने अडवलं, तर तिने वाद न घालता डब्याचं झाकण त्याच्या नाकाखाली उघडलं. त्या बिचाऱ्याने स्वतः जाऊन लिफ्टचं बटण दाबलं. असल्या माणसावर रागवायचं तरी कसं?

मावशीला एकच नात, मुलीची मुलगी, तिच्याचजवळ वाढलेली. "माजी पोर मासलीला हात लावनार नाय," हे मावशीने सगळ्या बाजाराला बजावून ठेवलं होतं. पोरीने हॉटेल मॅनेजमेंट केलं. त्याचा अर्थ मावशीने असा लावला होता, की पोर थंडगार केबिनमध्ये बसणार आणि कागदावर सह्या करणार. प्रत्यक्षात तिला नोकरी लागली ती आमच्या भागात नव्याने निघालेल्या जपानी रेस्टॉरंटमध्ये, काउंटरमागे उभं राहून मासे कापायची. झालं! मावशीने अबोला धरला. चार महिने एका घरात राहून ती नातीशी एक अक्षर बोलली नाही. बोलायची ती भांड्यांशी. "ए टोपा, तिला सांग, कालवन हाय, जेवून घे." नोकरी नेमकी कुठे, हेही तिने विचारलं नव्हतं.

शेवटी ती मुलगी माझ्याकडे आली. "काका, आजीला एकदा आमच्याकडे जेवायला घेऊन या ना. तिने माझं काम बघू दे. त्यानंतरही नाही बोलली, तर सोडते मी ही नोकरी. मला झेपत नाहीये यार हे." काम तिला किती आवडतं, ते सांगताना तिचे हातच मासा कापल्यासारखे हलत होते. मला फार वाईट वाटलं. मी बायकोच्या वाढदिवसाची थाप मारली, आणि मावशी अंगावरचं सगळं सोनं घालून आली.

रेस्टॉरंट अगदी घरगुती. शेजारच्या टेबलावर एक आजोबा जैन सुशी खात होते, आणि लहान मुलांना धरायला सोपं जावं म्हणून त्यांच्या चॉपस्टिक्सना रबरबँड लावून दिलं होतं. मावशीनेही हक्काने रबरबँड मागून घेतलं. मग ताट आलं. बोटाएवढ्या भाताच्या मुदी, प्रत्येकीवर माशाची लालबुंद चकती. मावशीने ताट फिरवून चहूबाजूंनी पाहिलं.

"याचा डोका कुठं हाय?"

"आंटी, डोकं नसतं याला," वेटर म्हणाला.

"मासा हाय ना? मंग असंलच. दाखव."

आणि ती उठून थेट काउंटरपाशी गेली. मी मागे धावलो. काउंटरमागे पांढरी टोपी घालून, हातात लांब सुरी घेऊन नात उभी. मावशी जागच्या जागी थिजली. मग वळून तिने माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी मांदेलीचा इवलासा जवळा झालो.

 नातीने बर्फातून एक आख्खा ट्यूना काढला, आजीपुढे ठेवला आणि अंगठ्याने कल्ला उचलून दाखवला.

"हा तं कुपा!" मावशी माशाला म्हणाली. "जपानी म्हनून काय खातात, तं कुपा!" पण सवयीने तिचं बोट माशाच्या अंगावर दाबलं गेलंच, आणि मान हलली. पोरीने सुरी चालवायला घेतली. एकसारख्या पातळ चकत्या सुटत होत्या. मावशी टक लावून पाहत होती. 

"अंगठा आत घे. कापशील."

चार महिन्यांनी ती नातीशी बोलली होती. पोरीचे डोळे भरले. "घेतला गं आजी."

"आनि मीठ-हलद तरी लाव बाय. असा कच्चा मासा मी वाढला असता, तं सासूने मना त्याच पायी म्हायेरी धाडली असती." तरी तिने एक मूद तोंडात टाकली, डोळे मिटून सावकाश चावली आणि निकाल दिला, "भात बरा हाय."

काम आटोपून, हात धुऊन नात बाहेर आली आणि पाया पडायला वाकली. मावशीने तिचा हात मधेच धरला, नाकाशी नेला आणि हुंगला. एकदा, मग पुन्हा.

"तुज्या आयशीला शालेत कोनी शेजारी बसू देत नव्हता," ती म्हणाली. "माज्या हाताचा वास तिच्या डब्याला लागायचा. तुज्या हाताला वास नाय गं."

"ग्लोव्ह्ज घालतो ना आजी आम्ही. मग, सोडू का नोकरी?"

"सोडून बग, टांगा तोडीन."

पोर रडता रडता हसली. मावशीने मात्र तिचा हात सोडला नाही. आम्ही बाहेर येऊन रिक्षाची वाट पाहत उभे होतो, तेव्हा तिने तो हात तिसऱ्यांदा नाकाशी नेला आणि माझ्याखेरीज कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "थोडा तरी यायला पायजे होता."