पोटाखालचा पट्टा

“मिस्त्री, हे टिंग टिंग बंद करा. परभणीपासून डोस्कं उठवलंय.”

गंगाखेडला माझ्या वर्कशॉपच्या दारात आबासाहेब उभे होते. गाडीवर ‘माजी सभापती’ अशी पाटी. त्यातलं ‘माजी’ वाचायला जवळ जावं लागतं. पुढच्या सीटवर त्यांची लेक वैशाली, सातवा महिना. पहिलं बाळंतपण, म्हणून बाप तिला पालमला माहेरी घेऊन चालले होते. बेल्ट दोघांनीही लावला नव्हता. गाडी तेच सांगत होती.

त्यांना क्लिप हव्या होत्या. क्लिप म्हणजे बेल्टचं नुसतं लोखंडी टोक, पट्टा नसलेलं. बकलमध्ये खोचलं की गाडीला वाटतं, बेल्ट लागला. लोक सर्रास मागतात. मी ठेवत नाही.

“बेल्टच लावा की,” मी म्हणालो.

“पोटुशी हाय ती. लेकराला आवळता का? आन् एअर बॅग हायत ना. कशाला घेतली मग एवढी गाडी?”

एअर बॅग म्हणजे उशी, असा समज आहे. ती आधी फटका असते, मग उशी. पापणी लवायच्या आत फुगते. बेल्टने धरलेला माणूस ती फुगल्यावर तिच्यावर टेकतो. मोकळा माणूस ती फुगत असतानाच तिच्यावर आदळतो. हे मी सांगितलं. आबासाहेबांनी भाषण ऐकल्यासारखी मान हलवली.

“आणि बेल्ट पोटावर नसतो, पोटाखाली असतो.”

आता हे परक्या लेकीला दाखवायचं कसं, तेही बापासमोर? मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. माझं पोट बाराव्या महिन्याचं आहे. खालचा पट्टा पोटाखाली, कमरेच्या हाडावर ताणला. वरचा खांद्यावरून, छातीच्या मधून, पोटाच्या कडेने घेतला. सीट मागे सरकवली.

“मिस्त्रीकाका, तुमची तारीख कधीची?” वैशालीने विचारलं.

“डॉक्टर सांगंना गेलेत.”

ती हसली आणि तस्साच बेल्ट लावला. आबासाहेब म्हणाले, “आमी तीस वर्सं बिनबेल्टचं चालवायलोय.” आणि सीटवर बसून स्वतःचा बेल्ट पाठीमागून घेऊन बकलमध्ये अडकवला. टिंग टिंग थांबलं. क्लिप न ठेवण्याचा माझा बाणेदारपणा त्यांनी दोन सेकंदांत निकालात काढला.

पालमच्या अलीकडे शेतरस्त्यावरून उसाची ट्रॉली अचानक आडवी आली. गाडी तिच्यावर धडकली. पुढच्या दोन्ही एअर बॅगा फुगल्या. वैशालीच्या खांद्यावर पट्ट्याचा निळा वळ उठला, एवढंच. डॉक्टरांनी दिवसभर ठेवून घेतलं. बाळाचे ठोके नीट होते. आबासाहेबांचं नाक आणि दोन बरगड्या मोडल्या.

दिवस भरल्यावर मुलगी झाली. आबासाहेब स्वतः जिलबी घेऊन आले. सोबत वैशाली, बाळ, शाल, नारळ आणि फोटोग्राफर. शाल मी परत दिली. वैशालीने बाळ माझ्या हातात द्यायला पुढे केलं, तेव्हा मात्र हात पुसायला फडकं सापडेना. बाळाने भोकाड पसरलं. इतकी इंजिनं सुरू करून दिली, पण असा आवाज एकाचाही ऐकला नव्हता.

गाडीला फसवणं सोपं आहे. ती बकलच्या वायरीवर विश्वास ठेवते. ट्रॉली ठेवत नाही.